पांढरी बट कुणाकडची

स्टुडिओत सगळे तिला ब्रशबाई म्हणत. वयाच्या अठराव्या वर्षी ती त्या जिन्यावरच्या खोलीत कामाला लागली आणि साठी आली तरी त्याच उत्तरेच्या खिडकीपाशी, त्याच कलत्या फळीच्या टेबलावर बसत होती. काम एकच. माणूस आहे त्यापेक्षा फोटोत बरा दिसला पाहिजे. सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल, नखाएवढ्या पात्याची सुरी आणि एक ब्रश, ज्याचे केस तिने स्वतः कापून तीनच ठेवले होते. एवढ्या हत्यारांवर तिने आयुष्यभर लोकांची नाकं सरळ केली, पुढे आलेले दात मागे सारले, जुळलेल्या भुवयांचा घटस्फोट घडवून आणला आणि कित्येकांच्या हनुवट्या दोनावरून एकीवर आणल्या.

आईचं नाक तिने पुसावं आणि वीस-बावीस वर्षांनी तेच नाक मुलीच्या चेहऱ्यावर बसून जिना चढून वर यावं, असं वरचेवर होई. मग ती मालकांना हळूच म्हणे, "आलं बघा परत. मी हाकललेलं."

"अहो, तुम्ही फोटोतलं हाकललंत," मालक म्हणत. "मूळ मालाला हात लागलाय का तुमचा?"

कुणाच्या चेहऱ्यावरून काय काढलं, हे मात्र तिने कधी कुणाला सांगितलं नाही. लग्नाळू मुली आपल्या आयांना घेऊन येत, पडद्याआड कुजबुजत, आणि जाताना तिच्याकडे अशा बघत की न बोलताच वचन दिलं-घेतलं जाई. काही जणी तर शब्दात घेत. गावातली निम्मी सुंदर माणसं तिच्या मुठीत होती, पण मूठ झाकलेलीच होती.

स्वतःचा संसार तिने मांडला नाही. बहीण अकाली गेली तेव्हा तिची चार वर्षांची मुलगी ब्रशबाईंनी आपल्या दोन खोल्यांत आणली आणि वाढवली. ती पोर खिडकीखाली बसून रद्दी प्रिंटवरच्या बायकांना मिशा काढत मोठी झाली, पुढे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली आणि एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या प्रेमात पडून लग्न करून मोकळी झाली. मुलगा सरळ होता. पंचविशीतच त्याचं कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत पोचलं होतं. "टक्कल आहे, पण आत काही वाकडं नाही," असा दाखला ब्रशबाईंनी दिला.

वाकडं असलंच तर त्याच्या आईच्या जिभेत होतं. विहीणबाई वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेल्या. दुसऱ्यांच्या तराजूतली खोट काढण्यात हयात गेली, तेव्हा ती सवय पेन्शनबरोबर घरी आली होती. साठीतही केस काळेभोर. त्यांना जगात एकाच माणसाची धास्ती होती, ती म्हणजे त्यांची थोरली जाऊ. ही जाऊबाई चाळीस वर्षं त्यांच्या घरात खोट शोधत होती आणि अजून तिच्या हाती काही लागलं नव्हतं.

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर भाचीला मुलगी झाली. डोकं भरून काळं जावळ, आणि बरोबर कपाळाच्या वर, दोन बोटं रुंदीची बट पांढरीशुभ्र. मुळापासून टोकापर्यंत. खाली कपाळावरही एक छोटासा पांढरा त्रिकोण. बाळ तीन किलोचं, ठणठणीत, आणि आवाज असा की नर्सने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'बाईसाहेब' ठेवलं.

दवाखान्यात पहिली आली ती जाऊबाई. तिने दुपटं सारलं, बटेकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "अगंबाई! हे कुणाकडचं?"

प्रश्न साधा होता, पण विहीणबाईंनी तो अंगावर पाल पडावी तसा झटकला. "आमच्याकडे असलं काही नाही. भिंतीवर सगळ्यांचे फोटो आहेत, बघून घ्या. खाण तशी माती. खाण तिकडची आहे."

तिथून पुढे तो विषय मिटेना. बाळंतीण मावशीकडे आली आणि तिथेच राहिली. दीड महिन्याने निरोप आला: सुनेने मान्य करावं की हे तिच्या माहेरचं आहे, आणि खुशाल घरी यावं. दोन महिन्यांनी निरोपासोबत केस काळे करायच्या रंगाची बाटली आली. बाळासाठी.

भाचीने ती बाटली कपाटाच्या वर फेकली. "मावशी, मला माहीत असतं आपल्याकडचं आहे तर मी दवंडी पिटली असती. पण माहीत नसताना कबूल कशाला करू? उद्या पोरगी विचारेल, हे काय आहे, तर काय सांगू? आईने सही करून पदरात घेतलेला गुन्हा?"

"आणि नवरा काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? लिफ्टवाला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलाय."

जावईबापू दर रविवारी संत्री घेऊन येत, लेकीला मांडीवर घेऊन तासभर गप्प बसत आणि सालं गोळा करून परत जात. भाचीने संत्री खाणं बंद केलं होतं. रात्रीचं दूध पाजून झालं की ती आरशासमोर उभी राहून स्वतःचे केस भांगाभांगाने विंचरून बघे, एखादा पांढरा सापडतो का. ते पाहून ब्रशबाई नजर वळवत. कारण बट कुणाकडची हे त्यांना ठाऊक होतं.

चाळीस वर्षांपूर्वी एक वीस वर्षांची मुलगी आईबरोबर स्टुडिओत आली होती, डोक्याला रुमाल घट्ट बांधून. पडद्याआड रुमाल सोडला तर कपाळावर पांढरीफेक बट. मुलीच्या आईनेही डोक्याचा रुमाल शेवटपर्यंत सोडला नव्हता, हे ब्रशबाईंनी तेव्हाच टिपलं होतं. फोटो स्थळाला पाठवायचा होता. ब्रशबाई नवीन होत्या, हात घाबरट होता. त्यांनी प्रिंटवर काळ्या रंगाने एकेक केस रंगवला, दोन दिवस. मुलीने तो पाहिला आणि त्यांचा हात धरला. "कुणाला सांगणार नाही ना? कधीच?" ब्रशबाई म्हणाल्या, "तोंडातून शब्द निघणार नाही."

भाचीच्या लग्नाच्या बोलणीला ती मुलगी विहीण होऊन समोर बसली. दोघींनी एकमेकींना ओळखलं, आणि दोघींनी चहात साखर किती यावर बोलणं काढलं. तेव्हा ब्रशबाईंना वाटलं, रोग नाही, राई नाही, दुसऱ्याची झाकली मूठ आपण का उघडावी? शिवाय मुलाच्या डोक्यावर तर बट नाही. गेली असेल विरून. काळ्यात पांढरं मिसळलं की करडं, करड्यात पुन्हा काळं मिसळलं की संपलंच. रंगांचं असंच असतं.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला त्या भाचीबरोबर बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. विहीणबाईही आल्या होत्या, हातात टिपणवही घेऊन, धाड टाकायला निघाल्यासारख्या. जावईबापूंना ऐनवेळी कुणाच्या तरी लिफ्टने बोलावून घेतलं.

"बाळाला काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढ्या जागेत रंग बनवणाऱ्या पेशी पोचल्याच नाहीत. उन्हात कपाळाला जपा, बस्स. घरात आणखी कुणाला आहे?"

"आमच्यात कुणाला नाही," विहीणबाई म्हणाल्या. ब्रशबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"वडिलांच्या अंगावर कुठे पांढरा डाग?"

"माझ्या मुलाला मी ओळखते. काही नाही."

ब्रशबाईंना राहवलं नाही. "डॉक्टर, समजा आजीला असेल, तर मुलात निम्मं आणि नातीत पाव व्हायला हवं ना? ही तर पुरी पांढरी आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या. "रंगासारखं मिसळत नाही ते. तुम्ही काम काय करता?"

"फोटोचं. निगेटिव्हवर, प्रिंटवर."

"मग सोपंच झालं. प्रत्येक गोष्टीच्या आपल्याकडे दोन निगेटिव्ह असतात असं समजा, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. मूल होतं तेव्हा आपण त्यातली एकच देतो, कुठली ते आपल्या हातात नाही. दुसरीकडून जोडीदाराची एक. ती विरघळत नाही, फिकी होत नाही. जशी आली तशी पुढे जाते."

"आणि मग प्रिंट कुठलीची निघते?"

"हाच तर प्रश्न आहे! काही गोष्टी दोन्ही निगेटिव्ह सारख्या असल्या तरच दिसतात. अशा चार-चार पिढ्या दडून बसतात. ही बट त्यातली नाही. हिची एकच पुरते. म्हणून ही सहसा दडत नाही. बाळाला आहे, म्हणजे आई किंवा वडील यांच्यापैकी एकात असणार. कधी बट असते, कधी नुसता पोटावर नाहीतर गुडघ्यावर डाग. क्वचित बाळात नव्यानेच बदल होतो, तेही शक्य आहे."

"पुढच्या बाळाला येईल?" भाचीने विचारलं.

"तुमच्या दोघांपैकी कुणात असेल, तर नाणं उडवल्यासारखं. दर वेळी निम्मी शक्यता. आणि नाण्याला आधीचा कौल आठवत नसतो."

विहीणबाईंनी वहीत 'आई किंवा वडील' लिहिलं आणि 'आई'खाली रेघ ओढली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ऐकलंत? दोघांपैकी एक. माझ्या मुलाचं मी सांगितलंच. राहिलं कोण?"

"आमच्या घरचे फोटो दाखवते मी," भाची चिडून म्हणाली. "आईचे, आजीचे, सगळ्यांचे. कुणाला बट नाही."

"तुमच्या घरचे फोटो!" विहीणबाई रस्त्यातच थांबल्या. "तुझी मावशी कावळ्याचा बगळा करते. त्या फोटोंना मी पुरावा मानू? रविवारी चारला या. थोरले दीर-जाऊ येतील. त्यांच्यासमोर एक वाक्य बोल. नाहीतर माहेरून आलेला पाळणा मी परत पाठवते, आणि तूही मग तिकडेच राहा."

ब्रशबाई त्या बाईकडे बघतच राहिल्या. स्वतःचं बगळ्याचा कावळा करून घेतलेलं डोकं ताठ ठेवून ती हे बोलत होती! राग यायला हवा होता, पण आलं ते हसू. ते त्यांनी खोकल्यावर निभावलं.

घरी येताच त्यांनी भाचीला विचारलं, "जावयाच्या गुडघ्यावर डाग आहे?"

"आहे ना. लहानपणी दूध सांडून भाजलं होतं त्याला."

"एका गुडघ्यावर?"

"दोन्ही."

"दोन्ही गुडघ्यांवर, अगदी समोरासमोर, मोजून सांडलं दूध?"

भाची बोलता बोलता थांबली. "त्याच्या आईनेच सांगितलंय मला. मावशी, तुला काय माहीत आहे?"

"मला काही माहीत नाही," ब्रशबाई म्हणाल्या आणि भांडी घासायला लागल्या. भांडी आधीच घासलेली होती.

ते दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. सांगावं तर शब्द मोडतो. न सांगावं तर पोरगी रविवारी एकतर खोटं बोलणार नाहीतर संसार मोडून बसणार. आणि हे सगळं आपल्याच तीन केसांच्या ब्रशाने सुरू झालं. आपण ती बट तेव्हा रंगवली नसती तर? तर कदाचित ते स्थळ झालं नसतं, लिफ्टवाला झाला नसता आणि बाईसाहेबही झाल्या नसत्या. इथपर्यंत विचार गेला की त्या दचकून थांबत.

शुक्रवारी सकाळी रंगाच्या बाटलीला बूच लावता लावता त्यांचा हात तसाच राहिला. आपण रंगवलं होतं ते प्रिंटवर! निगेटिव्हवर सुरी चालवायची तेव्हा छाती नव्हती. म्हणजे तिथे बट अजून तशीच असणार.

"मालक," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांपूर्वीच्या निगेटिव्ह आहेत ना?"

"पत्र्याच्या पेटीत. कुणाची हवी?"

"एका आजीची. नातीला भेट द्यायची आहे. मोठी प्रिंट काढा."

दुपारी डार्करूमच्या तांबड्या उजेडात, औषधाच्या ताटलीत कागद हलवताना चेहरा हळूहळू वर आला. आधी डोळे, मग जिवणी, मग केस. बट आलीच नाही. जिथे बट असायला हवी तिथे कागद कोराच राहिला, पांढराशुभ्र, आणि तीच बट होती.

मालकांनी प्रिंट पाहिली, नाव आठवलं, आणि चष्म्यावरून ब्रशबाईंकडे पाहिलं. "तुम्ही रंगवणार ना?"

"बघू."

"आणि वचनबिचन?"

"मी एक शब्द बोलणार नाही. आज माझं काम मी केलेलं नाही, एवढंच. न केलेल्या कामाबद्दल कुणी वचन घेतलं नव्हतं."

"बाई, तुम्ही वकील व्हायला हव्या होतात."

"वकील बोलतात फार."

रविवारी चारला पाच मिनिटं असताना त्या पोचल्या. भाचीच्या कडेवर बाईसाहेब, डोक्यावर टोपी नाही, बट वाऱ्यावर. हॉलमध्ये थोरले दीर पेपरामागे आणि जाऊबाई सगळ्यांच्या पुढे. जावईबापू दाराशी, आत ना बाहेर. भिंतीवर घराण्याचे बारा फोटो, आणि त्यात विहीणबाईंचा, काळ्याभोर केसांचा. ब्रशबाईंनी आपल्या हातचं काम ओळखलं. बरं झालं होतं, नवखी असूनही.

"विहीणबाई, जरा आत येता? आजीच्या नात्याने तुमच्यासाठी काहीतरी आणलंय. आधी तुम्ही एकट्याने बघा."

स्वयंपाकघरात दार लोटून त्यांनी ओट्यावर पुडकं सोडलं. शेजारी आपला ब्रश ठेवला आणि काळ्या रंगाची बाटली.

विहीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "मला धमकावताय?"

"छे हो. काम अपुरं आहे, एवढंच. तुम्ही म्हणाल तर इथेच बसून पुरं करते. अर्धा तास लागेल, आता हात सरावलाय. ब्रश तुमच्या हातात देऊ का? तेही चालेल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर असाच राहील. मी कुणाला काही बोलणार नाही. तेव्हाही बोलले नव्हते, आत्ताही नाही. बाहेर न्यायचा की चुलीत घालायचा, तुम्ही ठरवा."

विहीणबाई फोटोकडे बघत राहिल्या. बाहेर बाईसाहेबांनी सूर लावला होता. जाऊबाईंचा आवाज आला, "एवढा वेळ काय चाललंय आत?"

"मी मला असं कधी पाहिलंच नाही," विहीणबाई म्हणाल्या. "फोटोत नाही. आरशातही नाही. मी उठायच्या आत आई येऊन डोकं काळं करून जायची. तो एकच दिवस, रंग फोटोत चकाकेल म्हणून तिने धुऊन काढला होता. पुढे मीच." त्यांनी बटेवर बोट ठेवलं. "वाईट दिसत नव्हते हो."

"मी तेव्हाच म्हणणार होते. पण तुम्ही रडत होता."

"चाळीस वर्षं त्या जाऊबाईच्या तराजूत बसलेय मी. एक गुंज कमी भरू दिली नाही."

"कळतंय ना मला."

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही बाटली उघडून उभ्या आहात!" असं म्हणून त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं, पदराने डोळे पुसले, आणि फोटो छातीशी धरून हॉलमध्ये गेल्या. ब्रशबाई ब्रश घेऊन मागोमाग.

विहीणबाईंनी भिंतीवरचा काळ्या केसांचा फोटो उतरवून थोरल्या दिरांच्या पेपरावर ठेवला आणि त्या खिळ्याला नवी प्रिंट टेकवून धरली. जाऊबाईंचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. चाळीस वर्षं शोधलेली खोट अशी अचानक हातात आल्यावर तिचं करायचं काय, हे त्यांना सुचेना.

जावईबापू पुढे आले. फोटोकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग खाली वाकून स्वतःच्या पँटचे गुडघे चाचपले.

"आई, दूध?"

"दूध सांडलंच नव्हतं," विहीणबाई म्हणाल्या. "जन्मतःच होतं. आणि बट होती तुला, ती मी रंगवायची. पुढे टकलाने माझं काम हलकं केलं."

"तेहेतीस वर्षं मी गरम दुधाला घाबरतोय!"

एवढ्यावर पेपरामागून हसण्याचा मोठा आवाज आला. थोरले दीर हसताहेत म्हटल्यावर जाऊबाईंना रागवायला आधी त्यांच्याकडे वळावं लागलं.

भाची मात्र हसली नाही. ती बाळाला घेऊन उभी होती. "सासूबाई, सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायचं ठरलं होतं. मी इतके दिवस थांबलेय."

विहीणबाईंनी फोटो खिळ्याला अडकवला, तो सरळ आहे का ते मागे सरून पाहिलं, आणि सुनेकडे वळल्या.

"माझ्याकडून आलं. मला माझ्या आईकडून, तिला तिच्या वडिलांकडून. त्यांच्याआधीचं मला ठाऊक नाही. तेव्हाही कुणीतरी घासून-पुसून ठेवलं असणार." मग बाळाकडे हात पसरून म्हणाल्या, "दे इकडे. आणि संध्याकाळी सामान घेऊन या. पाळणा कुठे पाठवलेला नाही मी, आत आहे."

"आणि तुम्ही पाठवलेली ती केसांच्या रंगाची बाटली?" भाचीने विचारलं.

"ती मलाच लागते," विहीणबाई म्हणाल्या. नातीला खांद्यावर घेतलं आणि तिच्या बटेवरून बोट फिरवलं. "म्हणजे, संपेपर्यंत."